मोसंबीच्या चोथ्याचं पीठ

वारंगा फाट्यावर माझं मोसंबीच्या रसाचं दुकान आहे. रस गिऱ्हाइकाला, चोथा उकिरड्याला, असा कारभार. एकदा तालुक्याला प्रशिक्षणाला गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, चोथा उकळून, कडूपणा काढून वाळवला तर त्याचं पीठ महिनोन्‌महिने टिकतं आणि पोटाला फार चांगलं असतं. ते माझ्या मनाला लागलं. म्हणजे इतकी वर्षं मी चांगलं अन्न उकिरड्यावर टाकत होतो!

मी चोथा तीन पाण्यांत उकळला, पत्र्यावर कडकडीत वाळवला आणि गावातल्या गिरणीवर नेला. गिरणीवाल्या चाचांनी मूठभर हातात घेऊन हुंगला.

"लोबान दळाया आनला का रे?"

"न्हाई चाचा, खायाचं हाय."

त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि दळून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली माझ्या दारात. माझ्यानंतर जितकी ज्वारी दळली गेली, तिला सगळीला मोसंबीचा वास लागला होता. वासाचा साबण लावून पीठ मळलंस म्हणून एका सासूनं सुनेला तीनदा हात धुवायला लावले होते. एक जण म्हणाला, "पिठल्यासंगं सरबत खाल्ल्यावानी लागून राहिलं." चाचाही आले होते. "घरची ज्वारी दळून गिरणी साफ केली, तरी वास जाईना. लई तकलीफ झाली."

मी हात जोडून उभा. तेवढ्यात शेजारच्या मावशी पुढे आल्या. त्यांच्या पोटाचं दुखणं गावभर ठाऊक.

"त्याला काहून बोलता?" त्या म्हणाल्या. "चार वर्सांत पहिल्यांदा आज मला मोकळं झालं."

मग ज्याला त्याला आपापलं पोट आठवलं.

चाचांनी शेवटी गिरणीवर पाटी लावली : 'गुरुवारी मोसंबी. ज्वारीवाल्यांनी येऊ नये.' त्या गुरुवारी माझ्या मागे ज्वारीचे अकरा डबे रांगेत होते. पीठ उघड मागायची लाज, पण माझ्यानंतर दळायला कुणाची हरकत नव्हती. मावशी माझ्या लगेच मागे उभ्या होत्या आणि कुणालाही मध्ये घुसू देत नव्हत्या.

एका गुरुवारी मला ताप आला म्हणून मी गेलो नाही. दुपारी चाचा घरी येऊन दारात उभे राहिले.

"चोथा तरी दे. लोकं सकाळपासून खोळंबून राहिले."