हातचा कोणाच्या हातातला?

आज सकाळी मेहकरला आमचे जुने हेडसर वारले. आणि मी जाऊ शकले नाही.

कशी जाणार? दोन शिक्षकी शाळा, दुसरी पोस्ट कधीची रिकामी. मी निघाले की शाळेला कुलूप.

वर फोन केला तर म्हणे, "मॅडम, बदली माणूस नाही. बघा बुवा तुम्हीच."

बघितलं. शाळा भरवली.

नोकरीला नवीन होते तेव्हा या हेडसरांचा मला भयंकर राग यायचा. तपासणी करायची तर खुर्चीत बसून करा ना! हे आपले मागे, लेकरांच्या सतरंजीवर मांडी घालून.

एकदा दुसरीला वजाबाकी चालू होती. मी धडाधड, "एकातून सात जात नाहीत, हातचा घ्या."

मागून हात वर. हेडसरांचा.

"मॅडम, हातचा कोनाच्या हातातला घ्याचा?"

अख्खा वर्ग खिदळला. माझं तोंड लालबुंद.

सुट्टीत मी भांडलेच. "सर, लेकरांसमोर माझी इज्जत काऊन काढता?"

ते शांत. "कोपऱ्यातल्या त्या पोरीले समजूनच नव्हतं राह्यलं. ते विचाराले भेत होती, म्हून म्या विचारलं."

घरी जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी तुराट्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधून नेल्या. एक मोळी सगळ्यांसमोर सोडली. हा घ्या हातचा!

कोपऱ्यातली पोरगी उठून पुढेच आली. "मॅडम, दुसरी मी सोडू?"

सर उठले, पँट झटकली. "हाव. आता समजलं मले बी."

बस, एवढंच. त्या एका 'हाव'साठी मी पुढे किती राबले, माझं मला माहीत.

आता तपासणी मोबाईलवर. फोटो टाका, लिंक भरा. मी टाकते. ग्रुपवर अंगठा येतो.

वर्गात मी काय शिकवते, कसं शिकवते, हे कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलं नाही. चांगलं शिकवलं तरी कोणाला पत्ता नाही, वाईट शिकवलं तरी नाही.

लय एकटं वाटते हो.

आज फळ्यावर माझं गणित चक्क चुकलं. कोणी काही बोललं नाही. मीच पाहिलं, मीच पुसलं.

शाळा सुटताना पहिलीतली एक चिमुरडी जवळ आली. "मॅडम, तुमाले कोनी रागावलं का?"

"नाही वं. आता रागवाले कोनी राह्यलंच नाही."

सर, शेवटचं पाहायला येता आलं नाही. इथूनच, रिकाम्या वर्गातून हात जोडते.