नवऱ्याची स्वीडिश रायफल आणि माझी पहिली गोळी

जयभीम मंडळी! आज दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा रायफल चालवली.

माझ्या नवऱ्याला, संदीपला, जुन्या स्वीडिश लष्करी रायफलींचं वेड आहे. सिंगापुरात बंदूक घरी ठेवता येत नाही, म्हणून त्याची रायफल शूटिंग क्लबमध्ये कुलपात असते. तिच्या लाकडी दस्त्याला तो प्रेमानं तेल लावतो. आमच्या डायनिंग टेबलाला इतक्या वर्षांत कधी लावलं नाही!

परवा नोव्हेनाच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी संदीपचा ऑपरेशन झालेला खांदा तपासून सांगितलं, "ऑपरेशननंतर या खांद्याला बंदुकीचा धक्का आता सोसणार नाही. कधीच." त्या दिवशी संदीप नीट जेवलासुद्धा नाही.

म्हणून आज क्लबची परवानगी काढून मीच त्याला घेऊन गेले. म्हटलं, "तू शिकव, मी मारते."

प्रशिक्षक शेजारी उभे होते. संदीप म्हणाला, "श्वास हळू सोड. घाई करू नकोस."

मी चाप ओढला आणि गोळी थेट शेजारी नेम धरून उभ्या असलेल्या चिनी अंकलच्या टार्गेटला लागली! अंकल वळून खास सिंगापुरी ढंगात म्हणाले, "थँक यू लाह!"

संदीप खांदा धरून हसत सुटला. मग डोळे पुसत म्हणाला, "मार अजून एक. मी आहे ना इथे."

तुमच्या माणसाचं वेड तुम्ही कधी असं अंगावर घेतलंय का?