चिनी भिक्षूची तपासणी

चंद्रकांतराव हावड्याच्या कारखान्यात बॉयलर फिटर होते. एक रिव्हेट गळला की अख्खा बॉयलर नापास, हा त्यांचा नियम. निवृत्तीनंतर दमदमच्या घरी पत्नी श्यामला त्यांना सातव्या शतकातल्या एका चिनी भिक्षूचे प्रवासवर्णन वाचून दाखवी. ती इतिहासाची शिक्षिका. तळ्यातला नाग माणसाचे रूप घेतो, इथवर ऐकले आणि त्यांनी भिक्षूला नापास केले.

"अहो, पुस्तक म्हणजे बॉयलर नव्हे," ती म्हणाली. "जिथे तो स्वतः पायी गेला तिथलं धरायचं. ऐकीव ते बाजूला ठेवायचं."

मुर्शिदाबादकडचा एक विहार भिक्षूने पाहिला होता. प्रशस्त दालने, उंच मजले. तो बघायचे श्यामलाच्या मनात लग्नापासून होते. आधी ह्यांचा ओव्हरटाइम, मग मुलांच्या परीक्षा, आता तिचे गुडघे. जिना उतरणेही सुटले होते.

"तुम्ही जाऊन या," एक दिवस ती म्हणाली. "पण तुमचीही तपासणी होईल."

ते गेले. पहाटेची गाडी, पुढे उन्हातून पायपीट. मजले उरले नव्हते. विटांचे पाये, गवत, शेळ्या. पण त्या अवशेषांच्या कडेने पूर्ण फेरी मारली तेव्हा धाप लागली. दालने प्रशस्तच असणार. दुपारच्या गाडीने ते परतले.

घरात पाऊल टाकताच तिने धरले. "विटा कशा होत्या?"

"रुंद, चपट्या. हाताने चाचपल्या."

"आणि रखवालदार?"

"म्हणाला, जमिनीखाली अजून बांधकाम आहे. मी पाहिलं नाही."

"पास. संध्याकाळी कसं दिसतं तिथे?"

"संध्याकाळी मी नव्हतो तिथे."

ती खूश व्हायला हवी होती. ती खिडकीकडे बघत राहिली.

"ते कळलं मला," ती हळू म्हणाली. "तरी सांगा."

चंद्रकांतराव पाय पुसता पुसता थांबले. भिक्षू चीनला परतला, तेव्हा त्याच्यापुढेही असेच कुणी बसले असेल, ज्याला कधीच निघता येणार नव्हते.

"रखवालदाराने सांगितलेलं सांगतो," ते म्हणाले. "ऐकीव आहे."

रखवालदार संध्याकाळबद्दल चकार शब्द बोलला नव्हता.

"उन्हं कलली की विटा तांबूस होतात," त्यांनी सुरुवात केली. "मग गावातली गुरं तिथूनच परततात..."

श्यामलाने डोळे मिटले होते. "मग?" ती म्हणाली.