परक्याच्या हातचं

आमच्या घरात बाबा दोघांशीच इंग्रजीत बोलत, कुत्र्याशी आणि माझ्याशी. मी इंग्रजी शाळेत शिकले होते म्हणून, आणि कुत्रा लॅब्रेडोर होता म्हणून.

शेजारच्या इमारतीत कुणीतरी कुत्र्यांना विष घातल्याचं कानावर आलं, तेव्हा बाबांनी ट्रेनर बोलावला. घरच्यांशिवाय कुणाच्या हातचं खायचं नाही, एवढंच कुत्र्याला शिकवायचं होतं. वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांना चिकनचा तुकडा देऊन समोर उभं केलं. कुत्र्याने नाक पुढे केलं की साखळीला हिसका आणि नाकावर गुंडाळलेल्या पेपरचा फटका. लॅब्रेडोर म्हणजे खादाड जात. शिकायला त्याला वेळ लागला, म्हणजे फटके जास्त बसले. शेवटी अनोळखी हात दिसला की तो मान वळवून भिंतीकडे बघायला लागला. पाहुणे आले की बाबा हा खेळ करून दाखवत आणि पाहुणे टाळ्या वाजवत. मलाही लहानपणी कुणी लाडू पुढे केला की आधी आईच्या डोळ्यांकडे बघायचं शिकवलं होतं. टाळ्या सुरू झाल्या की मी आत निघून जायचे.

मग बाबांच्या मनात सोसायटीच्या कमिटीवर जायचं आलं. लिफ्टमध्ये कुत्रा नको म्हणणारे बरेच होते. एका रविवारी बाबांनी त्याला गिरीज गावी, एका जुन्या मित्राच्या वाडीत नेऊन सोडलं.

"केळीत मोकळा हुंदडेल," घरी येऊन ते म्हणाले. "नशीब काढलं त्याने."

दुसऱ्याच दिवशी त्या मित्राच्या बायकोचा, काकींचा, फोन आला. "भाऊजी, हा जेवत नाही हो. भात दिला, मच्छी दिली. तोंड फिरवून बसतो."

"भूक लागली की खाईल, वहिनी." फोन ठेवून बाबा आईकडे वळले. "बघितलंस? याला म्हणतात ट्रेनिंग."

"मरेल तो," मी म्हणाले.

"डोन्ट बी ड्रामॅटिक."

काकींचे फोन येतच राहिले. शेवटी मी ऑफिस बुडवून गिरीजला गेले. कुत्रा माडाला बांधलेला होता, बरगड्या दिसत होत्या. माझ्या हातून त्याने भात खाल्ला, इतक्या घाईने की ठसका लागला. मग काकींनी शेजारी बसून मच्छीचा तुकडा पुढे केला. त्याने मान वळवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"अगं, मी कुठे मारतेय त्याला?" काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

त्याला घरी आणू या, असं मी बाबांना सांगितलं. "निवडणूक होऊ दे," ते म्हणाले. निवडणूक झाली, बाबा निवडून आले. आता तर मुळीच नाही, म्हणाले. लोक काय म्हणतील?

मी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याला भरवत होते. तेवढ्यावर कुत्रा जगत नाही. मग एकदा काकींनीच फोन केला.

"खातो गं आता. ताटली मोरीमागे ठेवायची आणि आपण आत निघून यायचं. पण खाताना माणूस दिसलं की चोरी पकडल्यासारखा मागे सरतो, थरथरतो. मुक्या जनावराला असं कुणी शिकवलं गं?"

बाबा समोरच सोफ्यावर बसले होते.

"बाबांनी," मी म्हणाले.

काकी म्हणाल्या, "दे त्यांना फोन."

मी फोन पुढे केला. बाबांनी मान हलवली आणि हातानेच खूण केली, घरी नाही म्हणून सांग.