शिवलेले खिसे

आमच्या यजमानांच्या कोटाला तीन खिसे होते आणि तिन्ही खिसे दिवस भरलेल्या बाईसारखे पुढं आलेले. सोलापुरात एका मागवाल्याकडं ते लुगडी विणायला जात. मागाखाली पडलेलं तुटकं सूत, गुंता झाला म्हणून फेकलेल्या लड्या, चिरलेला धोटा, रिकाम्या कांड्या, अडकित्ता, शेंगा आणि त्यांचीच टरफलं, सगळं खिशातून घरी यायचं. मालक म्हणायचा, न्या की, माझं झाडायचं वाचलं.

"अहो, कोट हाय का कचऱ्याची पाटी?" मी विचारायची.

"असू दे की. लागतंय कधीतरी," ते म्हणायचे.

लागायचं कुणाला, तर आमच्या लेकीला. बाप दारात आला की ती खिसे उलटे करायची आणि सुताचे गुंते घेऊन उंबऱ्यात बसायची. एकेक धागा सोडवून कांडीवर गुंडाळायची. मी चुलीपासून ओरडायची, "भाकरी थापायला ये, सूत काय कालवणात घालायचंय?" माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो असं शेजारणी म्हणत. खोटं नव्हतं ते.

मग लेकीला एक स्थळ आलं. पलीकडच्या पेठेतलं, स्वतःच्या मागांचं घर, मुलगा शांत. आम्ही दुसऱ्याच्या मागावर राबणारी माणसं. हे स्थळ गेलं तर पोरीचं काही खरं नाही, असं मी धरूनच बसले होते.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी कोट हातात घेतला. खिशातलं सगळं सुपात ओतलं, सूप बाजेखाली सारलं आणि तिन्ही खिशांची तोंडं सुईदोऱ्यानं शिवून टाकली. म्हटलं, आता भरा काय भरायचं ते. यजमानांनी कोट घातला, दोन्हीकडं चाचपलं, आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून गुडघ्यांवर ठेवून बसले.

मुलाची आई लहानखुरी, पण नजर भारी. चहा झाला, नाव-गाव झालं. मग तिनं पिशवीतून गुंतलेल्या सुताच्या दोन लड्या काढल्या. त्यांच्या घरची रीतच होती तशी. सून बघायची ती तिच्या हातावरून.

"हे सोडव बघू, बाळ."

लेक मांडी घालून बसली. ओढाताण नाही, गडबड नाही. पाहुण्यांची दुसरी सुपारी कातरून होईपर्यंत अख्खी लडी मोकळी, आणि धागा कुठं तुटलेला नाही.

"कुणी शिकवलं गं?"

इथं माझी जीभ वळवळली. "मीच की," मी म्हटलं. "आमच्या घरात सुताचा तुकडा वाया जात न्हाय." वास्तविक मी मैंदर्गीच्या वाण्याची पोर. माहेरी तराजू होता, माग नव्हता.

"मग ही दुसरी तुमी सोडवा," बाई म्हणाली आणि लडी माझ्या मांडीवर ठेवली.

मी एक टोक ओढलं. गाठ बसली. दुसरं ओढलं, ती घट्ट झाली. आणि सवय बघा माझी, घातली गाठ दातांखाली आणि कटकन तोडला धागा. विणकराच्या घरात, सोयरीक ठरवायला बसलेल्या बाईसमोर. मला वाटलं, झालं, माझ्या बत्तिशीनं पोरीचं लग्न खाल्लं.

लेकीनं माझ्या हातातून लडी काढून घेतली. "अव्वाला वेळ नसतोय," ती सरळ म्हणाली. "अप्पा खिशातनं गुंते आणतात. तेच सोडवत मी शिकले."

"व्हय?" बाई यजमानांकडं वळली. "खिसा दाखवा की."

यजमानांनी हात खिशाकडं नेला आणि तिथंच ठेवला. बाईनं वाकून बघितलं. "अगबाई, शिवलाय का?"

आता आणखी काय लपवायचं होतं? मी उठले, यजमानांच्या पुढ्यात बसले आणि सगळ्यांदेखत माझेच टाके माझ्याच दातांनी तोडले. शिवण माझी मजबूत, त्यामुळं बराच वेळ लागला. मग बाजेखालचं सूपही ओढून आणलं. बाई त्या कचऱ्यात हात घालून हसायला लागली आणि हसता हसताच तिनं लेकीला जवळ ओढून कुंकू लावलं.

लग्न झालं, लेक पलीकडच्या पेठेत गेली. पुढं एकदा कोट झटकायला घेतला तर तो हाताला हलका लागला. मी तिन्ही खिशांत हात घातले. टरफलसुद्धा नव्हतं. इतकी वर्षं ज्यासाठी घसा फोडला ते आयतं मिळालं होतं आणि मला रडू आलं.

"आणत का न्हाई हो काही?" मी विचारलं.

"सोडवणार कोण?"

"आणा. मी बघते."

त्यांनी कोट माझ्या हातातून घेतला. "आणतो," ते म्हणाले, "पण दात संभाळ."