पाळण्याची कडी आणि पितळी झुंबर

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला मी धर्माबादकडून तिथं वायरिंगच्या कामाला आलो. शाळा सातवीतच सुटलेली. नवी ऑफिसं निघत होती, काम लई होतं. पाणी तेवढं नव्हतं. एका शिक्षिकाबाईंच्या मागच्या खोलीत राहायचो. बाई एकट्या; मालक वारलेले, लेकरं परगावी. संध्याकाळी पुढच्या खोलीत गल्लीतली पोरं अभ्यासाला बसायची.

बाईंच्या मालकांनी हौसेनं घेतलेलं पितळी झुंबर त्यांच्या माघारी पेटीतच पडून होतं. आता जिल्ह्याचं गाव झालं, ते पेटीत कशाला, म्हणून बाईंनी ते माझ्यापुढं ठेवलं. एका हातानं उचलेना.

घर माळवदाचं. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या, वर पांढरी माती. मधल्या तुळईला पाळण्याची लोखंडी कडी होती. तिच्यावरच्या पाळण्यात आपली सगळी लेकरं झोपली, तिथंच टांग, असं बाई म्हणाल्या. पण खाली पोरं बसणार होती.

शिडीवरून कडी नुसती हलवली, तर पिठासारखा भुसा गळाला. वाळवी. एरवी मिरगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकतात, तेव्हा लाकडाकडंही नजर जाते. पण पाऊसच नाही, गळती नाही. वर कुणी चढलंच नव्हतं.

बाईंनी पडलेला भुसा बोटावर घेऊन बघितला. मग म्हणाल्या, “काढ. पण फेकू नको.”

हातोडीच्या दांड्यानं तुळई ठोकत गेलो. कडीपासून दोन हातांवर आवाज भरीव आला. माळवदावर जाऊन तेवढीच माती उकरली, गिरमिटानं आरपार भोक पाडलं आणि वर जाड लोखंडी पट्टी ठेवून लांब बोल्ट खाली सोडला. त्याच्या टोकाला हूक. उकरलेली माती परत चोपायला पाणी लागणार होतं. मागायला जीभ रेटेना. बाईंनीच टँकरचं राखलेलं पाणी पुढं केलं. आंघोळ उद्या करीन म्हणाल्या.

माती चोपून खाली आलो आणि आधी मीच हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळलो.

“उतर रे, तुझ्या आईला काय सांगू मी?”

कितीतरी दिवसांत माझ्या आईचं नाव कुणी काढलं नव्हतं.

मग मेन स्विच बंद करून झुंबर चढवलं. भार हुकावर, वायर ढिली. संध्याकाळी पेटवलं तरी माझं मन मानेना. म्हणालो, “बाई, आजच्या दिवस पोरं भिंतीकडं बसू द्या.”

बाईंनी पोरांना भिंतीकडं बसवलं आणि स्वतः सतरंजी ओढून बरोबर झुंबराखाली पाढे तपासायला बसल्या. “तूच टांगलंस ना? मग ये, बस.”

बसलो. मान वरच. तेवढ्यात लाइट गेली, झुंबर दिसेनासं झालं, तेव्हा कुठं मला जरा बरं वाटलं. अंधारात बाईंनी पोरांना हाक मारली, या रे आता मधी.

लाइट आली तेव्हा सगळी पोरं झुंबराखाली होती, आणि बाईंचा हात माझ्या पाठीवर.