जादा तास

राष्ट्राची उभारणी दुर्बलांच्या उत्थानातूनच होते, असं आमचे मुख्याध्यापक सांगत. माझं उत्थान रोज शाळा सुटल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत होई. खोलीला बाहेरून कडी असे, कारण आधी दोन दुर्बल पळून गेले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील महाप्याला कारखान्यात लागले, म्हणून मराठवाड्यातलं गाव सोडून आम्ही कारखान्याजवळच्या बोनकोडे गावात भाड्याने राहायला आलो. मी वर्षाच्या मधेच आठवीत बसले आणि गणितात मागे पडले. मागासवर्गीय आणि गरीब मुलांच्या जादा तासांसाठी सरकार शाळेला अनुदान देई. अट एकच, ठरलेली पटसंख्या भरली पाहिजे. माझ्यामुळे ती कशीबशी भरली.

दिवाळीपर्यंत मला गणित येऊ लागलं. खिडकीतून खो-खोचा सराव दिसे. मला त्या संघात जायचं होतं. माझ्याइतकं जोरात शाळेत कुणी पळत नव्हतं.

"बाई, आता मला येतं सगळं. मी जाऊ का?"

"तू गेलीस की वर्ग बंद. बाकीच्यांना काय सांगू?"

घरी वडील म्हणाले, "फुकट शिकवायलेत तर बस की गप."

मग तपासणीला साहेब येणार असं कळलं. बाईंनी बजावलं, "सगळं बरोबर सांगू नका, वर्गाची गरज नाही म्हणतील. सगळं चुकवूही नका, उपयोग नाही म्हणतील. निम्मं सांगा."

माझ्या शेजारी बसणारी, बोनकोड्यातलीच मुलगी उठली. "बाई, निम्मं म्हंजे कवरं? अपूर्नांक आमाला अजून शिकवलं नाय."

मी ठरवलं, सगळं बरोबर सांगायचं. हुशार ठरले की सुटले. साहेबांनी घातलेलं प्रत्येक गणित मी फळ्यावर सोडवलं. बाई खडूच्या डबीकडे बघत राहिल्या.

"ही किती दिवस आहे या वर्गात?" साहेबांनी विचारलं.

"ऑगस्टपासून," बाई म्हणाल्या.

"मग हा वर्गाचाच गुण. चालू ठेवा. आणि हिला सोडू नका, दाखवायला बरी आहे."

पुढच्या वर्षाचंही अनुदान मंजूर झालं. मुख्याध्यापकांनी सभेत माझ्या उत्थानावर भाषण केलं. खो-खोच्या संघात एक मुलगी कमी पडली, म्हणून शाळेने त्या वर्षी सामन्यांना नाव दिलं नाही.